आईच्या साडीचा पट्टा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एखादं साधं कारण शोधून देते... आमच्या घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. बाबा वनस्पतिशास्त्रज्ञ, नोकरीसाठी नागपूरहून लखनौला आलेले. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते. तरीही हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इंदिरा नगर तेव्हा नवं. आमचं घर एकमजली, मागे सिमेंटचं अंगण. बाबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. आईने सगळं घरच बदललं — पायपुसणी उचलली, उंबरठ्याला पांढरा रंग दिला, चपलांऐवजी कॅनव्हासचे बूट आणले. तिच्या एका जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पट्टा केला. तो बाबांच्या कमरेला बांधायचा आणि चालवताना मागून धरायचा. गाठ डाव्या बाजूला, टोकं आत खोचलेली, खाली रुमालाची घडी... बसल्यावर टोचू नये म्हणून.

ते पडलेच, तर तिची एक रीत होती. ओढून उठवायचं नाही. "घाई नाही," म्हणायची, कुठे दुखतंय ते विचारायची. मग समोर खुर्ची, गुडघ्याखाली दरी, म्हणजे सतरंजीची घडी. आधी गुडघ्यावर, मग उभं.

"मी काय पोतं आहे?" बाबा चिडायचे.

"पोतं असतात तर बरं झालं असतं. पोतं वाद घालत नाही."

मग तापाचं निमित्त होऊन आईच गेली. पट्टा मी बांधू लागले — पाठीमागे मधोमध, पटकन सुटेल अशी सुरगाठ. हिवाळ्यात कॉलेजला निघताना बाबांना अंगणात उन्हात, तख्तावर, म्हणजे लाकडी दिवाणावर बसवायची आणि दाराचं लॅचचं कुलूप ओढून घ्यायची. दुसरी किल्ली शेजारच्या मिश्रा चाचींकडे असे. दुपारी त्या येऊन बसत.

त्या दिवशी दुपारी परतले, तर बाबा तख्तावर नव्हते. बैठकीतली शिसवी खुर्ची अंगणात आली होती... ती हलवायला मला नेहमी कुणाची तरी मदत लागते. बाबा तिच्यावर बसले होते. स्वेटरला माती, कोपर खरचटलेलं. समोर फरशीवर दरीची घडी.

"पडलात?"

"कढीपत्ता थंडीने करपला असता. कुंडी उन्हात सरकवत होतो."

नागपूरहून आईनेच आणलेलं रोप होतं ते. मी त्यांना उभं करायला पट्टा धरू गेले. पाठीमागे गाठ नव्हती. ती डाव्या बाजूला होती, टोकं आत खोचलेली, खाली रुमालाची घडी. बाबांना एका हाताने स्वेटरचं बटणही लावता येत नसे.

"कोणी उठवलं, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात कुणी नुकतंच शिकवलेलं पुन्हा विचारावं तसं. "तुझ्या आईशिवाय हे कोणाला येतं?"

"मला येतं ना."

"तू घाई करतेस, मंजू."

मी कुंपणाशी जाऊन चाचींना हाक मारली. त्या मटार सोलत होत्या.

"चाची, आज आप आईं नहीं?"

"आए थे बिटिया. दरवाज़े तक आए, तो अंदर तुम्हारी मराठी सुनाई दी. वही 'घाई नाही, घाई नाही', जो तुम्हारी अम्मा कहती थीं. हमने सोचा तुम लौट आईं, तो हम चले गए." मग त्यांचे हात थांबले. "तुम नहीं थीं?"

कुलूप मीच उघडलं होतं. घरात तिसरं कोणी नव्हतं. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, फक्त त्यानंतर मी गाठ बांधू लागले की म्हणत, "डावीकडे." काही वर्षांनी तेही गेले, झोपेत, शांतपणे.

मी कारणं शोधली. एकही पुरत नाही. आणि खरं तर कारण मला तितकंसं नकोही आहे. ती आली, बाबांशी बोलली, चाचींनी तिचा आवाज ऐकला... मीच तेवढी कॉलेजात होते.

अजून हिवाळ्यातल्या एखाद्या सुटीच्या दुपारी मी अंगणात, कढीपत्त्याच्या कुंडीजवळ खाली फरशीवर बसते. ऊन भिंतीवर चढेपर्यंत बसून राहते. काही ऐकू येत नाही. मग खुर्ची धरते, गुडघ्याखाली दरी घेते — आधी गुडघ्यावर, मग उभी. घाई करत नाही.