सर्द-गरम

कूलरकाका कूलरशी भांडत. मोटर चालू होईना की त्याच्या पत्र्यावर थाप मारून म्हणत, "काऊन बे, आठ महिने झोपला ना? आता कायले रुसून रायला?" आणि गंमत म्हणजे ती खरंच चालू व्हायची. आम्ही हसायचो. काका मात्र गंभीरच.

एप्रिल लागला की त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर कूलरच्या गवताचा हा एवढा भारा असे. जाळ्यांतलं जुनं, कुजकं गवत काढून नवं भरायचं, पंप धुवायचा, पाणी सोडायचं. हे सगळं भर उन्हात, कारण कूलर खिडकीबाहेर नाहीतर गच्चीवर. "आख्खं गोंदिया मी झोपवतो, बाई," असं मला ऐटीत सांगत. स्वतःच्या टिनाच्या घरात मात्र साधा पंखा. विचारलं तर म्हणत, "हलवाई आपली मिठाई खाते का?"

त्यांचा एक नियम होता. उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचं नाही, अंगावर तर मुळीच घ्यायचं नाही. "सर्द-गरम होते. पयले घाम सुकू द्या." आई या बाबतीत त्यांना गुरूच मानायची. कॉलेजातून आल्यावर पाण्याला हात लावण्याआधी मला पंधरा मिनिटं पंख्याखाली बसावं लागे, ते काकांमुळेच.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, त्यात दुपारचं भारनियमन. काका आमच्या गच्चीवरचं काम उरकून खाली आले ते धडपडतच. चेहरा लालबुंद, पण कपाळ कोरडं ठणठणीत. "घाम सुकला त्यांचा, ऊन उतरून रायलं," आई म्हणाली. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. "थांबून पेतो." मग माझ्याकडे बघत विचारलं, "बाई, हे कोनाचं घर होय?"

मी पाण्याची बादली उचलली, त्यांच्या डोक्यावर ओतणार तोच आईने हात धरला. "नको ओतू पोरी, सर्द-गरम होईन! कांदा आण." मी बादली खाली ठेवली. आम्ही दोघी त्यांच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत बसलो आणि काका आमच्या डोळ्यांदेखत निपचित होत गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऑटो मिळायलाच अर्धा तास गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगाला हात लावला आणि ते ओरडले, "अरे, पाणी का नाही ओतलं?" काका संध्याकाळी गेले.

आईचा मला कधी राग आला नाही. तिला जे ठाऊक होतं, ते तिने केलं. राग येतो तो माझाच. बादली माझ्या हातात होती.

चार दिवसांनी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दोष दिला नाही, उलट आमच्यासाठी चटई अंथरली. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुमच्या इथं पानी तं पेले असन ना ते?"

आई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. मी काकूंचा हात धरला.

"हो काकू. पोटभर प्यायले."