चेगू हस्मिदार घरी येते तेव्हा

मलेशियातल्या केदाह राज्यातल्या आमच्या या गावात सरकारी बालवाडीच्या बाईंना सगळे चेगू म्हणतात. हस्मिदार तिथे कित्येक वर्षं अलिफ-बा शिकवते, पोरांना ओळीत बसवून नमाजाआधीचं हातपाय धुणं, वुजू, करून घेते, आणि आईवडलांसाठीची दुआ संपली की सरकारातल्या नेत्यांसाठीही एक म्हणायला लावते. तिची नोकरी दरवर्षी नव्याने मंजूर होते. कुणाच्या मर्जीने, ते गावाला ठाऊक आहे.

म्हणून ती स्कूटरवरून घरभेटींना निघाली की बायका आधी भिंती बघतात. घर कुणाच्या बाजूचं, ते इथे कॅलेंडरवरच्या फोटोवरून कळतं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात विरोधी पक्षाचे उस्ताद, म्हणजे धर्मगुरू-नेते, हसत होते. आमच्या लेकीला, वर्दिनाला, अजून एक वर्ष त्याच बालवाडीत जायचं होतं. दुसरी पार नदीपलीकडे. मी उस्तादांना कपाटामागे सारलं.

"काढलंस? घाबरट!" नवरा, रोस्दी, म्हणाला.

"मग रोज नदीपलीकडे सोडायला जाल का तुम्ही?"



चेगू आली. तळलेली केळी खाल्ली, वर्दिनाचे गाल ओढले. नजर मात्र भिंतीवर, जिथे रंग चौकोनी उजळ राहिला होता.

"ताई, खिळा मोकळा ठेवू नका हो. गुरुवारी सरकार पक्षाचे साहेब येताहेत माझ्याबरोबर, निवडणुकीआधी घरं बघायला. मशिदीचं कॅलेंडर लावा, चालेल."

सांभाळून घेत होती, की पकडलंय म्हणून सांगत होती? चेहऱ्यावरून काही पत्ता लागेना.

गुरुवारी साहेबांनी दारातूनच विचारलं, "हे घर कसं?"

"आपलंच की!" चेगू इतक्या सहज म्हणाली, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

शनिवारी दोघे जण शिडी घेऊन हजर. सरकार पक्षाचा झेंडा आमच्या कुंपणाला!

"चेगूंनी सांगितलंय, घर आपलंच आहे."

ते जाताच रोस्दी उसळला. "उपटून फेकतो!"

"फेका. आणि वर्दिनाला उद्यापासून घरी बसवा."

तो झेंड्यासमोरून न जाता मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडला. मी गल्लीत पाहिलं, तर ज्यांच्या अंगणात विरोधकांची व्याख्यानं होतात, त्या पाक सुहैमींच्या, म्हणजे सुहैमीकाकांच्याही कुंपणाला तोच झेंडा. हस्मिदारने सगळ्यांनाच 'आपलं' केलं होतं.

वर्दिनाची जागा राहिली. निवडणूकही उरकली. झेंडा उतरवायला मात्र अजून कुणाचा हात उठत नाही, आणि रोस्दी अजून मागच्याच दाराने ये-जा करतो.