नोव्हेंबरनंतरची पत्रं

ती मेल आली तेव्हा शोभना पाटोळे हॉस्पिटलच्या ब्रेकरूममध्ये डब्यातली मटकीची उसळ गरम करत उभी होती. मार्चमधला बुधवार होता. मेल जर्मनीतून, तिची मुलगी प्रीता जिथे सेवा करत होती त्या वृद्धाश्रमातून आलेली दिसली, तशी ती मनात हसली. शाल पोचली वाटतं, असं म्हणून तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

‘प्रिय श्रीमती पाटोळे, श्रीमती हान्ना यांच्यासाठी तुम्ही पाठवलेली सुंदर शाल आम्हाला मिळाली. कळवायला वाईट वाटतं, पण त्या सत्तावीस नोव्हेंबरला वारल्या. प्रीताने तुम्हाला हे सांगितलं असेल अशी आमची समजूत होती. ती तीस तारखेला तुमच्याकडे घरी परत आली, त्यानंतर तिचा काही निरोप नाही. तिची मोठी सूटकेस अजून आमच्याकडेच आहे. आता ती सावरली असेल अशी आशा करतो. तिला आमचा नमस्कार सांगा.’

मायक्रोवेव्ह वाजला. शोभनाने दार उघडलं नाही. ती परत पहिल्यापासून वाचायला लागली. दुसऱ्यांदा वाचताना तिला वाटलं, मेल लिहिणाऱ्या बाईंची काहीतरी गफलत झालीय. तिसऱ्यांदा वाचताना ‘घरी परत आली’ या शब्दांवर ती अडकली. घरी? कुणाच्या घरी?

शोभना मूळची अहमदनगरची. तिचे आजोबा चर्चमध्ये पाळक होते, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. तिने मिरजेला नर्सिंग केलं, लग्न करून अरुणबरोबर अमेरिकेत आली आणि गेली चोवीस वर्षं ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहते आहे. अरुण एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. मराठी मंडळात नवीन कुणी भेटलं, की पाटोळे म्हणजे नेमके कुठले, असं विचारतं. ‘आम्ही नगरचे ख्रिस्ती’ असं ती सांगते आणि पुढे समोरचा गप्प बसतो की तोंडभर बोलतो, यावरून माणूस ओळखते. तिचं खरं गोत म्हणजे कोलंबसच्या आसपासची अकरा मराठी ख्रिस्ती कुटुंबं. दर रविवारी दुपारी ती शंतनू रणनवऱ्यांच्या बेसमेंटमध्ये उपासनेला जमतात; तीच त्यांची मंडळी, म्हणजे चर्च.

एकुलती एक प्रीता कॉलेज संपवून म्हणाली, की मी नोकरीआधी एक वर्ष सेवा करणार, तेव्हा या मंडळीला शोभनापेक्षा जास्त आनंद झाला. ड्रेस्डनपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेला वृद्धाश्रम होता, तिथे ती सप्टेंबरमध्ये गेली. दर महिन्याला तिचं लांबलचक इंग्रजी पत्र मेलने यायचं. शोभना बसून त्याचं मराठी करायची आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी उभी राहून वाचून दाखवायची.

त्या पत्रांतूनच सगळ्यांना हान्नाआजी भेटल्या. एकोणनव्वद वर्षांच्या, विसरभोळ्या, प्रीताचा हात धरून स्तोत्रं गुणगुणणाऱ्या. त्यांच्या गुडघ्यांसाठी बेसमेंटमध्ये प्रार्थना व्हायची. डिसेंबरच्या पत्रात आश्रमातला नाताळ होता. जानेवारीच्या पत्रात आजींनी प्रीताला बर्फातली पाखरं दाखवली होती. फेब्रुवारीत आजींचा नव्वदावा वाढदिवस झाला, केक कापला, कुणीतरी अकॉर्डियन वाजवलं. अधूनमधून प्राग, व्हिएन्ना, लिस्बनचे फोटो यायचे. सुट्टीत भटकतेय पोरगी, युरोपात सगळं जवळजवळच असतं, असं शोभना सगळ्यांना सांगायची. वाढदिवस येतोय हे कळल्यावर तिने निळ्या लोकरीची शाल विणायला घेतली. विणून व्हायला उशीर झाला म्हणून ती मार्चमध्ये पाठवली.

आता ती कॉरिडॉरच्या टोकाच्या, चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत शिरली, दार लोटलं आणि फोन लावला.

“हाय आई! तू कामावर नाहीयेस?” प्रीताचा आवाज नेहमीसारखाच होता. मागे कुठल्याशा स्टेशनावरची घोषणा चालू होती.

“कुठे आहेस तू?”

“इथेच. जरा टाऊनला आलेय, ग्रोसरीला.”

“हान्नाआजी कशा आहेत?”

“मस्त. अगं, शाल मिळाली त्यांना. शी लव्ह्ड इट. काढतच नाहीयेत अंगावरून.”

तीस वर्षांच्या नोकरीत तिने खूप लोकांना खोटं बोलताना ऐकलं होतं. दारू सोडली म्हणणारे, गोळ्या घेतल्या म्हणणारे. पण असं, इतकं गोड, श्वासही न अडखळता?

“त्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, प्रीता. मला आश्रमातून मेल आलीय.”

पलीकडे नुसती घोषणा ऐकू येत राहिली. इटालियन असावी, जर्मन तर नव्हती. आणि मग शोभनाच्या तोंडून जे निघालं, ते आठवून तिला पुढे कित्येक दिवस स्वतःचीच लाज वाटत राहिली.

“मी मंडळीत वाचलं ते! सगळ्यांसमोर उभी राहून! लोक चार महिने त्या बाईसाठी प्रार्थना करतायत. तू मला खोटं पाडलंस!”

“हे बोलायचंय तुला?” प्रीता हळूच म्हणाली. “आई, सीरियसली? हे?”

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर लागेना.

संध्याकाळी अरुणला तिचा मेसेज आला. ‘आय अ‍ॅम सेफ. त्रिएस्तला आहे, इटलीत. प्लीज येऊ नका.’ अरुणने तो शोभनाला दाखवला आणि नकाशा उघडून त्या गावाकडे नुसता बघत बसला. गुरुवारी शोभना कामावर गेली, शुक्रवारीही गेली, पेशंटची नावं दोन-दोनदा तपासून घेतली, कारण डोक्यात काहीच राहत नव्हतं. चार महिने मुलगी कुठे झोपली, काय करत होती, कुणाबरोबर होती, आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. आणि आपण मात्र लोकरीचे टाके मोजत होतो.

रविवार महिन्याचा शेवटचा होता. “या वेळी नको जाऊया,” अरुण म्हणाला. “पत्र आलं नाही, असा फोन करून टाकतो.”

“अजून एक खोटं?” शोभना म्हणाली आणि चपला घातल्या.

शास्त्रपाठ झाला, गाणी झाली. शंतनूभाऊ उपासना चालवायचे. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, तशी ती उठली. हातात कागद नाही हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिने चार वाक्यांत सांगितलं. हान्नाआजी नोव्हेंबरात वारल्या. प्रीता तेव्हापासून आश्रमात नाही. त्यानंतरची तिन्ही पत्रं खोटी होती. मला बुधवारी कळलं.

वरच्या मजल्यावर मुलं धावत होती, त्यांचे पाय छतावर वाजत होते.

“म्हणजे,” मागे बसलेला अमित शेवटी म्हणाला, “आपण गेलेल्या बाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करत होतो?”

“वाढदिवसाचं पत्र तर मी पुण्याला बहिणीला पाठवलंय,” वीणाकाकू पुटपुटल्या.

शंतनूभाऊंनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. “मला आज शब्द सुचत नाहीत,” ते म्हणाले. “नुसतंच बसूया.” सगळे नुसतेच बसले. तिला वाटलं, आता कुणीतरी संस्कारांबद्दल बोलणार. तिने त्याची तयारी करून ठेवली होती, उत्तरही.

वीणाकाकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, “पोरगी जेवते का गं तिथे नीट?”

या प्रश्नाची शोभनाने तयारी केली नव्हती. बुधवारपासून हा प्रश्न आपण एकदाही विचारलेला नाही, हे तिला त्या क्षणी, भर मंडळीत, लख्ख दिसलं. ती तशीच जिना चढून वर गेली, बाहेर गाडीत जाऊन बसली. मागोमाग अरुण आला. तिने फोन लावला, आणि या वेळी तो उचलला गेला.

“जेवलीस का?” शोभना म्हणाली.

पलीकडून हुंदका आला, आणि मग थांबेचना. शोभनाने फोन स्पीकरवर ठेवला आणि दोघं समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत ऐकत राहिली.

प्रीता सांगत गेली. सत्तावीस नोव्हेंबरला दुपारी तिची हान्नाआजींजवळ बसायची पाळी होती. बागेकडच्या खोलीत आजी खुर्चीत झोपल्या होत्या. प्रीताने कानात इअरफोन घातले आणि नाताळात प्रागला जायची रेल्वेची तिकिटं फोनवर शोधायला लागली. वीस मिनिटं. मान वर केली तर खुर्ची रिकामी आणि बागेचं दार उघडं. त्या दाराला अलार्म होता, पण तो सकाळपासून बंद पडलेला होता. बाहेर अंधार पडत होता, बर्फ भुरभुरत होतं. अडीच तासांनी आजी चॅपलमागच्या झाडाखाली सापडल्या, पायात एकच सपात. रात्र उलटायच्या आत गेल्या.

“सगळे म्हणाले, तुझी चूक नाही,” प्रीता म्हणाली. “सिस्टर्सनी मला हग केलं, चहा करून दिला. एव्हरीवन वॉज सो नाइस, आई. मला तिथे श्वास घेता येईना. मी लिहून ठेवलं की घरी जातेय, आणि स्टेशनवर आले. पण घरी कशी येणार होते? तुम्ही सगळे पण नाइसच वागला असतात.”

“मग ती पत्रं?” अरुणने विचारलं.

“आईने मेसेज केला, हान्नाआजी कशा आहेत. मी लिहिलं, फाइन. दोन सेकंद लागले, बाबा. आणि मग त्या फाइनच होत्या. मला पण बरं वाटायचं लिहिताना.” ती थांबली. “वाढदिवस खरा होता. इथल्या हॉस्टेलमध्ये मी भांडी घासते, म्हणून बेड फुकट मिळतो. मी केक आणला. सांगितलं, माझ्या आजीचा नव्वदावा आहे. आठ जण होते. एका पोर्तुगीज माणसाने खरंच अकॉर्डियन वाजवलं.”

शोभनाने डोळे मिटून घेतले. तिला दिसलं ते सगळं, आणि ते पाहवेना. गावोगाव गाड्या बदलत फिरणारी, अनोळखी लोकांसमोर मेलेल्या बाईच्या नावाने केक कापणारी ही मुलगी आपली आहे. अरुणने तिच्याकडे पाहिलं. आता आई समजूत घालेल, असं त्याला वाटलं असावं.

“प्रीता,” शोभना म्हणाली, “चूक तुझी होती.”

अरुणने दचकून तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण बोलायचंही थांबवलं नाही. “पेशंट समोर असताना कानात काही घालायचं नसतं. दार नीट असतं तर त्या कदाचित वाचल्या असत्या, आणि ते दार ही आश्रमाची चूक. पण वीस मिनिटं तुझी. ती तुझीच राहणार. मी नर्स आहे, मी तुला वेगळं सांगणार नाही.”



“थँक यू,” प्रीता म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. “कुणीच म्हणत नव्हतं गं.”

“आता तिथे परत जा. पुढच्या पाळीला हँडओव्हर दिल्याशिवाय ड्युटी सोडायची नसते. मेल पाठवणाऱ्या बाईंना भेट, काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. सामान घे. आणि घरी ये. मी येऊ का बरोबर?”

“नको,” प्रीता म्हणाली, आणि जरा वेळाने, “नको. मी जाते.”

ती गेली. आश्रमातून तीन ओळींचा मेसेज आला. आजींच्या भाच्याला भेटले, तो ओरडला, मग त्याने मला कबरीपाशी नेलं, उद्याचं फ्लाइट आहे. ओरडला हे वाचून शोभनाला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी थोडं बरंही वाटलं. असं वाटल्याचा तिला धक्काच बसला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोलंबसच्या विमानतळावर तिने मुलीला आधी ओळखलंच नाही. केस कापून मुलासारखे केलेले, मनगटं काटकुळी, भांड्यांच्या पाण्याने हात सोललेले. प्रीता घरी येऊन दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वयंपाकघरात आली आणि शोभनाने केलेली थालीपिठं एकामागून एक खात सुटली.

शोभनाने दही पुढे सरकवलं. “एक विचारू? कशा होत्या गं हान्नाआजी?”

“खऱ्या?”

“खऱ्या.”

प्रीताने बोटं चाटली. “खडूस. खूपच. मला ‘अमेरिका’ म्हणून हाक मारायच्या, माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. एकदा सपात फेकून मारली. आणि आई, त्यांचा देवावर विश्वास नव्हता. सिस्टर्स प्रार्थनेला बसल्या की मोठ्याने खोकायच्या. मुद्दाम.”

“आणि स्तोत्रं?”

“स्तोत्रं कसली! दारूच्या गुत्त्यातली गाणी होती ती. सिस्टर्स कानांवर हात ठेवायच्या. तू मंडळीत वाचणार हे मला माहीत होतं ना, म्हणून पहिल्या पत्रापासूनच जरा नीट करून लिहिलं.”

शोभनाचा उलथनं धरलेला हात तसाच राहिला. अकरा कुटुंबं. सहा महिने. वीणाकाकूंची पुण्याची बहीण. तिने काहीतरी रागाचं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. ते आवरेना. प्रीता आधी घाबरून बघत राहिली, मग तीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने कपाळ टेबलावर टेकलं.

“मला आवडायच्या त्या,” ती टेबलाशीच म्हणाली. “रिअली. मला खूप आवडायच्या.”

शोभनाने गॅस बंद केला, हॉस्पिटलला फोन करून आज उशिरा येते म्हणून सांगितलं, आणि खुर्ची ओढून लेकीजवळ बसली.

“कुठली गाणी म्हणायच्या?” तिने विचारलं. “म्हण बघू एखादं.”