चिंचेच्या ढिगापाशी चंदनची जागा

अर्धी चिंच फोडून झाली होती, अर्धी अजून गोणपाटावर तशीच पडली होती. भागीरथाबाईंच्या छपरीत गावातल्या चार बायका ढिगाभोवती बसल्या होत्या, आणि त्यांच्यात चंदन. हातात लाकडी मोगरी. ती टरफल फोडून द्यायची, सोमारी शिरा ओढायची, रुखमा चिंचोके काढायची. सगळ्यांची बोटं चिकट झाली होती आणि गप्पा चालल्या होत्या रुखमाच्या रोशनीच्या लग्नाच्या.

चंदन म्हणजे बिरजू ढिवराचा मोठा भाऊ, असं गाव सांगतं. अंगात शर्ट, खाली लुंगी, खांद्यावर दुपट्टा. पण चंदनला स्वतःच्या मनात आपण कुणाचा भाऊ आहोत असं कधी वाटलं नाही. कळायला लागल्यापासून ती स्वतःला बाईच समजत आली, म्हणून इथेही तिला तीच म्हणायचं. गडीमाणसं दुपारी पारावर पत्ते कुटत बसतात. चंदन तिकडे फिरकत नाही. उन्हाळ्यात चिंच, पावसाळ्याआधी शेवया, थंडीत वाल सोलणं, ती आपली बायकांत. कोणी तिला ये म्हटलं नव्हतं, कोणी ऊठही म्हटलं नव्हतं. ही गोष्ट बोलायचीच नाही, असं जणू सगळ्यांचं ठरलं होतं, आणि त्या न बोलण्यावरच चंदनची तिथली जागा टिकून होती.

त्या दिवशी चंदनला धास्ती होती ती याच जागेची.

भागीरथाबाईंचे डोळे अधू झाल्यापासून दुपारची पोथी बिरजूची मुलगी दिव्यानी वाचून दाखवते. ब्रह्मपुरीला कॉलेजात जाते, वाचणं स्वच्छ. पोथी आदल्या दिवशी संपली, प्रसाद वाटून झाला, आणि भागीरथाबाई म्हणाल्या, "दुसरी पोथी पुढच्या सोमवारी लावू. तवरोक दुसरं काई वाच वं पोरी. रिकामे कान चांगले नाई."

म्हणून आज दिव्यानीने पिशवीतून एक पुस्तक काढलं. कॉलेजातल्या मॅडमनी, मुलांनो हे वाचाच, म्हणून सांगितलेल्या पुस्तकांतलं. मुलगा म्हणून जन्मलेल्या एका बाईनं आपली हकीकत त्यात स्वतःच लिहिली होती. घरी दिव्यानीनं ते चंदनला थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. तेव्हाच ती म्हणाली होती, "आत्या, हे बायकाईनं ऐकलं पाहिजे." घरात ती चंदनला आत्या म्हणते, अंगणात उतरली की काका.

"नको वं माय," चंदन म्हणाली होती. "बसून राह्यली ना चार बायकाईत. काऊन उठवतं मले?"

"तुमचं नाव थोडीच घेऊन राह्यली मी?"

आता ती वाचत होती. पुस्तकातली बाई लहान असताना तिची आई शेतावर जायची, आणि हे लेकरू दोरीवरची आईची साडी ओढून, अंगाला गुंडाळून आरशासमोर उभं राहायचं. पावलं वाजली की साडी खाली.

चंदनची मोगरी चालत होती, पण मन केव्हाच मागे गेलं होतं. तिला कधी चोरून लुगडं नेसावं लागलं नाही. तिला तर गावानंच लुगडं नेसवलं होतं.

तेव्हा धान कापून खळ्यात आलं की गावात दंडार उभी राहायची. गावचेच गडी नाचणार, गाणार, सोंगं घेणार. बाईचं कामही गडीच करणार. राधेचं काम करणारा पोरगा एका वर्षी तापाने फणफणला. दंडारीचे मुख्य गुणवंतराव तळ्याच्या पाळीवर डोक्याला हात लावून बसले होते. समोरून चंदन आईची घागर कमरेवर घेऊन येत होती. गुणवंतराव बघतच राहिले. "ह्या पोराले शिकवाच काय हाये?" म्हणाले. "चालूनच तर दाखवते."

राधेचं लुगडं दंडारीच्या पेटीतलं नसायचं. ते दरवर्षी पाळीपाळीनं एकेका घरातून यायचं, आणि ज्या घरचं लुगडं त्या घरच्या बाईनं ते नेसवायचं. पहिल्या वर्षी पाळी भागीरथाबाईंची होती. नव्या नवरीसारख्याच होत्या त्या तेव्हा. लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, चंदनला समोर उभं केलं, आणि निऱ्या खोचता खोचता हसू आवरेना. "पोट आत घे गा! श्वास घेऊ नको म्हणलं नाई, पोट आत घे म्हणलं." पदर डोक्यावर आला आणि चंदन गप्प झाली. भागीरथाबाईंना वाटलं पोरगं लाजलं. ते लाजणं नव्हतं. परगावी फार दिवस राहून आलेल्या माणसाला आपल्या घराचं दार दिसावं, तसं झालं होतं तिला.

खेळ उजाडता उजाडता संपायचा. बाकीचे गडी विहिरीवर तोंडाचा रंग धुऊन मोकळे व्हायचे. राधेला मात्र मोकळं होता यायचं नाही. ज्या अंगावर लुगडं गेलं त्याच अंगावरून ते घरी परत आलं पाहिजे, असा गावचा रिवाज होता. रात्रभर देवाजवळ नाचलेली राधा दारात येते म्हणून बायका तिच्या पायांवर पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या, मग चहा. बाकीच्यांना ती कटकट वाटली असती. चंदन त्या सकाळसाठी वर्षभर थांबायची.

ज्या घरी लुगडं परत न्यायचं ते खळ्यापासून हाकेवर असायचं. पण चंदन तळ्याला पूर्ण वळसा घालून जायची. दवानं भिजलेले बांध, कापलेल्या धानाचा वास, चुलींचा धूर नुकता वर निघालेला. पदर डोक्यावर, चपला हातात. पाणी भरायला निघालेल्या बायका वाट अडवायच्या.

"काऊन वं राधा, आत्ता घरी?"

"कान्होबानं सोडलंच नाई, बाई!"

"आमाले तं घरचाच सोडत नाई, अन् तुले कान्होबा!"

आणि हशा. त्या हशात चंदन त्यांच्यातलीच एक होती. सूर्य वर येईपर्यंत.

असं कित्येक वर्षं चाललं. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा चंदननं बिरजूचं आधी करा म्हणून वेळ मारून नेली. मग मोठ्या कंपनीची नाटकं आली. मोठा मंडप, रंगीत दिवे, आणि बाईच्या कामाला खरीखुरी बाई. बाईचं काम बाईनंच करावं, चांगलंच झालं, असं सगळे म्हणाले. चंदनलाही ते बोलणं मनोमन पटलं, आणि त्यातच सगळं दुखणं होतं. गुणवंतराव गेले, दंडार बसली ती बसलीच. पुढे कुठल्याच घरचं लुगडं तिच्याकडे आलं नाही, कुठल्याच दारात तिच्या पायांवर पाणी पडलं नाही. राहिली ती ही बायकांतली बैठक.

ती राखायची एक युक्ती तिच्याकडे होती. कोणी फार खोलात शिरायला लागलं की ती खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढायची, मान वेळावून राधेचा एक ठसका द्यायची. सगळ्या हसायच्या आणि प्रश्न त्या हसण्यात वाहून जायचा.

"साडी नेसून आरशापुढं!" सोमारीच्या आवाजानं चंदन जागेवर आली. सोमारीनं तिला कोपरानं ढोसलं. "हे तं आपल्या चंदनभाऊचंच पुस्तक दिसते बाप्पा!"

दोघी फिसकन हसल्या. दिव्यानी वाचायची थांबली. चंदनचा हात सवयीनं दुपट्ट्याकडे गेला. एक ठसका, की संपलं. चार चिंचा फुटेपर्यंत सोमारी विसरूनही गेली असती.

हात दुपट्ट्यावरच राहिला. तो वर काही गेला नाही.

"हो, सोमारी," चंदन म्हणाली. "माहंच हाये. दंडारीत होतं ते सोंग नव्हतं. हे शर्ट-लुंगी हाये ना, हे सोंग हाये."

तिनं मोगरी बाजूला ठेवली.

"अगं बाई!" सोमारीनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "मंग इतके वर्ष आमी गड्याजवळ बसलो का बाईजवळ?"

"चिचेजवळ बसली तू," भागीरथाबाई म्हणाल्या. "शिरा ओढ."

"पोथी वाचाच्या जागी असं बोलाचं का, बाई?"

"कालच तं ऐकलं ना, देवानं मोहिनीचं रूप घेतलं म्हणून. तवा हात जोडले तुनं."

"देवाची गोष्ट येगळी."

"असन येगळी. देवाच्या मनातलं मले समजत नाई, अन् चंदनच्या मनातलं बी समजलं नव्हतं." भागीरथाबाईंनी अधू डोळे चंदनकडे वळवले. "पण इतके वर्ष काऊन नाई सांगितलं गा?"

"तुमी उठवून देल्लं असतं."

भागीरथाबाई काही बोलणार होत्या. तेवढ्यात रुखमा उठली. ओच्यातले चिंचोके झटकले, आपलं सूप उचललं आणि कोणाकडे न बघता उन्हातच घराकडे चालू लागली. सोमारी बोलघेवडी, तिचं चंदनला काही वाटलं नाही. पण रुखमा आयुष्यात कोणाला उणं बोलली नव्हती, आणि तीच उठून गेली. चंदननं उरलेली चिंच फोडली, हात धुतले आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी ती घरातून निघाली नाही. दिव्यानी दोनदा येऊन गेली, "आत्या, चला ना." चंदन बिरजूचं फाटलेलं जाळं विणत बसली. दारात सावली पडली म्हणून मान वर केली तर रुखमा.

"ये, बस."

"बसत नाई. कामं पडले हायेत." रुखमानं चौकटीला हात लावला. "काल रोशनीच्या सासरचा फोन आला म्हणून उठली मी, असं सांगणार होती. पण खोटं काऊन बोलू? मले कसं तरी झालं म्हणून उठली."

चंदनचा हात थांबला. सुई जाळ्यातच अडकून राहिली.

"मंग घरी जाऊन आठवत बसली. माह्या लग्नात मांडवाची माती आणाले बायका गेल्या, तवा तू मांगून कुदळ घेऊन येत होता. अन् पुढच्या बायका गाणं भुलल्या का मांगून तूच सांगत होता. सारे गाणे तुलेच येत होते."

"येतात अजून."

"म्हणूनच आली. परवा रोशनीच्या मांडवाची माती आणाची हाये. कुदळ गड्यानं घ्याची असते, ते माहा पोरगा लोकेश घेईन. तू बायकाईत चाल. पूजा माही जाऊ करन, सवाष्णीचा मान तिचा. टोपली तू धर."

"पाहुणे काय म्हणतीन, रुखमा?"

"पाहुणे माहे हायेत, मी पाहीन."

"अन् सोमारी?"

"ते म्हणते मी येत नाई. नको येऊ म्हणलं. तिचा सूर बी कुठी लागते?" रुखमा जायला वळली आणि परत फिरली. "लुगडं नेसशीन ना? माहं जांभळं देईन. पण घरच्या बाईसारखं नेस, चंदनभाऊ. तो दंडारीतला ठसका माह्या पोरीच्या लग्नात नाई पाहिजे मले."

चंदनला हसू आलं. डोळेही भरून आले, ते तिनं दुपट्ट्यानं पुसले.

"टोपली नवी लागते," रुखमा अंगणातून म्हणाली. "घरच्या साऱ्या शेणाच्या झाल्या."

चंदननं जाळं खुंटीला अडकवलं, पायात चपला घातल्या आणि नवी टोपली आणायला बुरडाच्या घराकडे निघाली.