अर्धा पेढा

धुळ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात नूतन एकोणीस वर्षं उभी आहे. उभीच, कारण तिथल्या दोन खुर्च्यांपैकी एक डॉक्टरांची, दुसरी पेशंटची. थुंकी ओढणारी नळी धरायची, सिमेंट कालवायचं, हत्यारं वाफेत घालायची आणि डॉक्टर पेशंटच्या तोंडात बोटं घालून सांगतील तो आकडा लिहायचा. धडधाकट माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं मावतात. गुटखा खाणाऱ्याचे गाल आतून चामड्यासारखे आवळतात. मग दोन, मग एक. तिखट झोंबायला लागतं ते त्याही आधी. गुटख्यावर बंदी असल्यामुळे तो टपरीच्या मागच्या बाजूने घ्यावा लागतो, एवढाच काय तो त्रास.

माहेरी दोंडाईच्याला तिला ‘डॉक्टरीण’ म्हणत. लग्नाच्या मांडवातही लोक तिच्यापुढे जबडे उघडत. धाकटा भाऊ छगन तेवढा कधी उघडत नसे. तिनेही आग्रह केला नाही. घरच्या माणसाचं तोंड कोण तपासतं?

यंदा राखीला ती गेली, तर छगनची बारावी झालेली मुलगी कामिनी आपल्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, मागेच लागली. “फुई, मीही तुझंच काम शिकू का? खरं सांग, त्यात काही आहे का?”

“आधी तुझ्या बापाला ओवाळू दे.”

भावजय सुलक्षणा ताट आणताना नवऱ्यावर करवादली, “मिरचीना बाजारमा पोतं उचलतस, आन् घरमा फिकं वरण मांगतस!” सगळे हसले. छगनही हसला, ओठ मिटून.

राखी बांधून नूतनने पेढा पुढे केला.

“अक्का, पेढा मोठा शे. अर्धा दे.”

मागच्या राखीलाही तो हेच म्हणाला होता, त्याच्या मागच्याही. साखर कमी करतोय म्हणून तिने कौतुकाने, स्वतःच्या हाताने पेढा मोडून दिला होता. यंदा तिचा हात तिथेच थांबला.

“छगन, तोंड उघड.”

“आज तुले सुट्टी शे ना, अक्का!”

“उघड म्हणते ना!”

ताटातलं निरांजन तिने जवळ धरलं. बोट आत गेलं. दुसरं गेलं नाही. डाव्या गालाला आत पांढरट जखम होती.

दुसऱ्या दिवशी छगन धुळ्याच्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत होता आणि कामिनी दाराशी. डॉक्टर गाल चाचपता चाचपता बोलायचे थांबले. हे थांबणं नूतनला ओळखीचं होतं. बाकी पेशंटच्या वेळी त्या अवधीत ती कापूस मोजून ठेवत असे.

“लिहा. एक बोट,” डॉक्टर म्हणाले. “नाशिकला चिठ्ठी देतो. तुकडा काढून तपासतील. उशीर करू नका. किती दिवसांपासून आहे हे?”

“दोनेक महिने व्हई ग्यात, साहेब,” छगन म्हणाला.

सगळेच दोन महिने सांगतात. एकोणीस वर्षं नूतनने ते सांगितलं तसंच लिहिलं होतं. या वेळी पेन कागदावर टेकून राहिलं. मग तिने लिहिलं, ‘दोन वर्षे’.

कामिनीने खांद्यावरून वाचलं. ‘त्यात काही आहे का’ हे तिने पुन्हा विचारलं नाही.