मामांची रिकामी मूठ

वाटूरच्या आमच्या मामांइतका पुराव्यानिशी जगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि मोर्चे, धरणी नि तहसीलच्या पायऱ्या यांच्यापायी मी बरीच माणसं पाहिली आहेत. दुसऱ्याकडं पुरावा मागणारे शेकड्यानं भेटतात. मामा स्वतःकडंही मागतात. लग्नाला जाऊन आले की खिशातल्या अक्षता काढून दाखवतात. दवाखान्यातून आले की दंडावरचा कापूस तसाच ठेवून पारावर बसतात, म्हणजे सुई घेतली की नाही असा संशय कुणाला राहू नये. पाऊस बरा झाला एवढं सांगायचं असलं, तरी अंगणातली बादली उचलून आणतात नि आत बोट बुडवून दाखवतात. समोरचा माणूस त्याच पावसात भिजून आलेला असला तरी.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या विहिरीत आहे. विहीर सात परस खोल. परस म्हणजे पुरुषभर उंची. आमच्याकडची जुनी माणसं विहीर अजून फुटांत मोजत नाहीत, माणसांत मोजतात. या विहिरीत मामांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून, एवढाच अभ्यासक्रम. दिवाळीच्या सुटीत त्यांनी मलाही ढकललं, तेव्हा पोरीला कशाला पाण्यात घालता म्हणून चार शहाणे विचारायला आले होते. मामा म्हणाले, "पाण्याला काय म्हाईत, पोरगी हाय का पोरगा?" डबा सुटला की परीक्षा. बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचं आणि त्याच चिखलाचा पंजा विहिरीकाठच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर उमटवायचा. ज्याचा पंजा भिंतीवर, त्यानं तळ गाठला. बाकीच्यांना मामांचे दोनच शब्द: "मूठ दाखव." सख्ख्या नातेवाइकाची साक्ष चालत नाही, रडणं चालत नाही. मी बाराव्या वर्षी पाच बुड्या मारल्या. पाचव्या वेळी वर येऊन सांगितलं की तळ लागला, गाळ तेवढा हातातून निसटला. मामांनी माझी मूठ उघडून पाहिली आणि डबा पुन्हा पाठीला बांधला. भिंतीवर माझा पंजा नाही. हा अन्याय मी पुढं पंधरा वर्षं जमेल तिथं सांगत फिरले. माझी चळवळ तिथूनच सुरू झाली म्हटलं तरी चालेल.

त्या चळवळीची मामांइतकी कदर कुणी केली नाही. शेततळ्यात खाली प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्यावर पाय ठरत नाही आणि आत पडलेला माणूस पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही. एवढी साधी गोष्ट कुणी मनावर घेत नव्हतं, म्हणून मी पत्रक काढलं: प्रत्येक शेततळ्यात दोर सोडा. भोकरदनच्या बाजारात वाटलं, लोकांनी त्यात भजी बांधून नेली. तहसीलच्या साहेबांच्या टेबलावर दिलं, साहेब म्हणाले, ठेवून जा. या देशाचा कारभार 'ठेवून जा' या दोन शब्दांवर चालला आहे. मामांनी मात्र ते पत्रक छापखान्याच्या नावासकट वाचलं आणि आठ दिवसांत शिवारातल्या झाडून सगळ्या शेततळ्यांत दोर आणि टायरच्या ट्यूबा सोडल्या. मालकांना विचारलं नाही. एकानं चिडून विचारलं की तळ्यात काय बैल बांधायचेत? मामांनी खिशातून पत्रक काढलं. "भाचीनं लिव्हलंय. छापून आलंय." विषय संपला.

मामांना प्रवासाची दांडगी हौस आणि खर्चाचा तितकाच तिटकारा. पासष्टी ओलांडून एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून तर ते घरी सापडेनात. लॉजवर उतरणं त्यांच्या हिशेबी आजारी माणसाचं काम. देवळाचा ओटा, शाळेचा व्हरांडा, नाहीतर कुणाची तरी ओसरी. कुठल्याही गावात दहा मिनिटं बोलले की त्यांना नात्यातला पाहुणा सापडतो. विकतचं पाणी पिणं हा आपल्या विहिरीचा अपमान, म्हणून पाच लिटरचा कॅन सगळीकडं सोबत. अशा माणसानं एकदा माझ्या फोनवर मालवणच्या समुद्रातला व्हिडिओ पाहिला. प्रवाळ, मासे, तोंडात नळी धरून तरंगणारी माणसं. मामांना मासे दिसलेच नाहीत. "ह्याला तळ हाय तर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर पंज्यांच्या मधोमध हातभर लांबीरुंदीचा चौकोन चुन्यानं पांढरा केला आणि अख्ख्या गावाला सांगितलं, ही जागा समुद्राची. झालं. आता त्यातून माघार नव्हती.

सोबत मी गेले. जालन्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून मालवण, सगळी एसटी, सगळ्या भाकरी घरच्या. वाटेत मी प्रवाळाबद्दल जे मिळेल ते वाचलं आणि अर्थातच संतापले. कोल्हापूरच्या स्टँडवर बसून पत्रक लिहिलं, तिथंच झेरॉक्स काढल्या. प्रवाळ हा दगड नाही, जीव आहे. बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. पाण्यातल्या कशालाही हात लावू नका. तळावरून काहीही वर आणू नका. 'काहीही' मी दोनदा गिरवून जाड केलं. पत्रकात गुळमुळीत लिहून भागत नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. पहिली प्रत मामांना दिली. त्यांनी ती तीनदा वाचली, घडी घातली आणि कॅनच्या पिशवीत ठेवली.

मालवणात बोटवाल्याचा मेहुणा कधीकाळी जालन्याच्या डेपोत ड्रायव्हर होता असं निघालं. तेवढ्या नात्यावर आम्हाला पडवी मिळाली. सकाळी मामा समुद्राच्या काठावर उभे राहिले, इकडून तिकडं मान फिरवली आणि म्हणाले, "ह्याला कठडा कुठंय?" मग एक चूळ भरून थुंकले. "एवढं पाणी, अन् कामाचं न्हाई."

बोटीवर माझा संताप वसूल झाला. लोक बिस्किटं चुरून माशांना घालत होते. एक गृहस्थ प्रवाळावर उभे राहून फोटो काढून घेत होते. मी पत्रकं वाटली. एकानं त्याचं विमान करून सोडलं, ते पाण्यात पडलं आणि कचरा केल्याबद्दल बोटवाला मलाच बोलला. मामांचं लक्ष नळीकडं होतं. लहानपणी विहिरीत ते पपईच्या देठाची नळी तोंडात धरून पाण्याखाली बसत, तीच ही, फक्त विकतची. पाण्याखालचा व्हिडिओ काढून देतो म्हणून बोटवाल्यानं आग्रह केला, तोही नको म्हणाले. खर्चा कशाला, डोळे आहेत की. डोळ्यांवर काच चढवून ते पाण्यात उतरले आणि तिथं अडचण झाली. अंगातलं जाकीट त्यांना बुडू देईना. ज्या माणसानं सात परस विहिरीचा तळ ढवळला, तो वाळक्या भोपळ्यासारखा नुसता तरंगत होता. त्यांनी जाकिटाच्या पट्ट्याला हात घातला.

"काकानू, जाकीट काढूचा नाय," बोटवाला म्हणाला.

मामांनी वाद घातला नाही. बोटीला धरून पट्टा सोडला, जाकीट त्याच्या हातात दिलं आणि छातीपर्यंत पाण्याबाहेर राहून, दोन्ही हात डोक्यावर धरून, नुसते पाय मारत उभे राहिले. पुरावा. बोटवाला बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, एकदाच, आणि माझ्या नजरेसमोर.

मी जाकीट घालून ट्यूबला धरून तरंगत होते, तोंड पाण्यात. खाली समुद्र जेमतेम दोन परस. प्रवाळ व्हिडिओत दाखवतात तसा झगमगीत नव्हता. मातकट, पिवळसर, कुठं जांभळी झाक. काही गड्डे फुलकोबीसारखे, काही शेळीच्या शिंगांसारखे. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यांच्यातून निवांत ये-जा करत होते. मामा सरळ खाली गेले. दोन गड्ड्यांच्या मधे वाळूची मोकळी जागा होती, तिथं पोचले. पन्नास वर्षांच्या सवयीनं उजवा हात पुढं झाला, बोटं पसरली आणि वाळूच्या वीतभर वर थांबली. तसेच थांबले. एक मासा त्यांच्या बोटांमधून जाऊन आला. मग मामांनी हात मागं घेतला, दुसऱ्या हातात धरून पाठीशी बांधला, आणि हेडमास्तरांसमोर उभं राहावं तसे, नुसत्या पायांवर वर आले. काचेमागं त्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते. त्यांनी बोटीला धरलं. नळी काढून म्हणाले, "घरं हायेत गं तिथं. राह्यतेत ते."

मी तोवर पुन्हा फोटोवाल्याशी भांडायला लागले होते. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

वाटूरला पोचलो तर विहिरीवर माणसं जमलेली. पुढं शेजारच्या वावराचे अण्णा. चाळीस वर्षांपूर्वी मामांनी याच अण्णांची मूठ उघडून त्यांना परत पाठवलं होतं, आणि अण्णा ते विसरलेले नाहीत. ते पांढऱ्या चौकोनाशेजारी उभे राहून मामांना गोड आवाजात म्हणाले, "दाजी, मूठ दाखवा."

मामांनी मूठ उघडली. काही नव्हतं.

मी पुढं झाले. मी सांगितलं की मी वरून पाहत होते, मामा तळाला पोचले, वाळूला हात लावायचा तेवढा राहिला. अण्णा म्हणाले, भाचीची साक्ष चालत न्हाई, नियम त्यांचाच हाय. मी म्हटलं, मामा, पत्रक दाखवा यांना. ते पिशवीतच होतं. शेततळ्याच्या वेळी त्यांनी तेच केलं होतं. या खेपेला मामांचा हात पिशवीकडं गेला नाही. "न्हाई गाठला," ते अण्णांना म्हणाले. "मूठ न्हाई, तर तळ न्हाई." लोक हसत घरी गेले.

उन्हं उतरल्यावर आम्ही दोघं भिंतीपाशी बसलो. मी चिडून म्हटलं, मामा, चिमूटभर वाळू आणली असती तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "कागदावर 'काहीही' लिव्हलं व्हतं. जाड अक्षरात." माझी पत्रकं शेकड्यानं वाटली गेली आहेत. शब्द न् शब्द पाळणारा माणूस एकच निघाला, आणि त्याला त्याचं हे फळ मिळालं. पत्रक दाखवलं असतं तर भाचीच्या कागदापायी मूठ रिकामी राहिली म्हणून हसं माझं झालं असतं, हेही मला तिथं बसल्यावर कळलं.

थोड्या वेळानं मामांनी विचारलं, "माय, तू बी त्या वक्ती खरंच गाठला व्हतास का? गाठला असंल तर ही चुन्याची जागा तुझी. लाव पंजा."

पंधरा वर्षं जे सांगत आले तेच उत्तर ओठांवर आलं होतं. पण समोर तो पांढरा चौकोन होता. मी म्हटलं, "न्हाई मामा. दीड परस राह्यला होता. घाबरले."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "डोळे गच्च मिटून वर आल्तीस. तळ पाह्यलेला माणूस डोळे मिटत न्हाई. पाणी कितीबी झोंबू दे."

चौकोन अजून पांढराच आहे. नवी पोरं विचारतात, तेव्हा मामा म्हणतात, ती जागा समुद्राची, रिकामी हाय. मालवणच्या पाण्यातून वर येतानाचं त्यांचं काचेमागचं तोंड मला आता दर वेळी त्या चुन्यात दिसतं. ते मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण भाचीची साक्ष चालत नाही. पण लिहून आलेलं मामा मानतात, म्हणून लिहून ठेवते: त्यांचे डोळे उघडे होते.