चार मिनिटं बारा सेकंदांचा व्हिडिओ

न उलगडणाऱ्या अनुभवांचा हा ग्रुप मी वर्षभर नुसता वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसायला. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की लॉग वाचायचा, बिघाड सापडतो, एवढाच माझा देवधर्म. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमचं घर नागपुरात टिमकीत, मागच्या खोलीत हातमाग. करवती काठाची साडी विणायला दोघं लागतात. उजवा काठ बाबांचा, डावा काकांचा. पदर सुरू झाला की काठातले करवतीसारखे दात उलटे फिरवायचे. कुठल्या दाताला किती धागे ही गणती बाबांकडे. काका त्यांच्या हाताकडे बघून आपला हात चालवायचे. चाळीस वर्षं असंच चाललं. कोणी कधी कागदावर उतरवलं नाही, कारण माणूस शेजारीच बसलेला असायचा.

हिवाळ्यात बाबा गेले. मागावर माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची साडी होती, नेमकी पदरापर्यंत आलेली. आमच्या घरची लेक घरच्याच मागावरची साडी नेसून बोहल्यावर उभी राहते. उन्हाळा लागला, लग्नाला तीन आठवडे उरले. काकूंना डावीकडे बसवून काका बाबांच्या जागी बसले. दोनदा विणलं, दोनदा उसवलं.

"मले हे येतच नाही गा," एवढं म्हणून ते अंगणात जाऊन बसले. काकांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा मला तो व्हिडिओ आठवला. दिवाळीत मागावर दुसरी साडी होती, तेव्हा मोबाइलवर काढलेला. बाबा काठ विणत होते. "थांब गा, आता पदराचं दाखवतो," असं ते म्हणाले आणि तेवढ्यात कंपनीतून फोन आला, लाइन बंद पडली होती. मी रेकॉर्डिंग थांबवलं, फोन कानाला लावला आणि गाडी काढून निघालो. चार मिनिटं बारा सेकंद. पदराचं राहूनच गेलं. त्याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

काका म्हणाले, "हात तरी पाहू दे भाऊचे. पाहता पाहता आठवंल मले."

रविवारची दुपार, कूलर सुरू. माझा डेस्कटॉप जुना, त्यावर लिनक्स. व्हिडिओ लावला तर अडखळायला लागला. आडवा धागा नेणारा धोटा आत्ता डावीकडे, की लगेच उजवीकडे. मधली बोटं गायब.

"हे काहून असं करून राहिलं?" काका.

लॉगमध्ये कारण होतं. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डानं करायचं, ते सगळं बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर पडलं होतं. कार्ड वापरायची परवानगी असलेल्या 'रेंडर' ग्रुपात माझं नावच नव्हतं. नाव टाकलं, मशीन रिस्टार्ट केलं... आता कार्ड काम करत होतं, पण चित्र हिरवंगार. ड्रायव्हर बदलला. दोन तास असे गेले.

मग एकदम व्हिडिओ लोण्यासारखा चालला. शेजारच्या खिडकीत कार्डाचा मीटर चाळीस टक्क्यांवर. बाबा म्हणाले, "थांब गा, आता पदराचं दाखवतो." व्हिडिओत माझ्या फोनची रिंग वाजली.

आणि व्हिडिओ थांबला नाही.

बाबांचे हात चालूच राहिले, नेहमीपेक्षा सावकाश, शिकवताना करतात तसे. ते तोंडानं गणती करत होते. काका लग्नपत्रिकेच्या मागे भराभर लिहायला लागले. मी खाली पाहिलं. वेळ ४:१२ वर गोठलेली. मीटर शून्यावर. मला भीती वाटली नाही. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. ज्या वेळचं हे चित्र, त्या वेळी तो फोन माझ्या कानाला होता.

दात फिरले, पदराची चार बोटं विणून झाली. बाबांनी धोटा ठेवला आणि डावीकडे बघून विचारलं, "समजलं काय?"

"हो भाऊ," काका मोठ्यानं म्हणाले. स्क्रीन काळी झाली.

त्यानंतर मी ती फाइल शंभरदा चालवली. दुसऱ्या मशीनवर, फोनवर, ग्राफिक्स कार्ड सुरू ठेवून, बंद ठेवून. ती ४:१२ लाच संपते. त्या दुपारच्या लॉगमध्येही फाइल तिथंच संपल्याची नोंद आहे, चूक एकही नाही. कार्डाच्या मेमरीत जुनी चित्रं उरतात हे मला ठाऊक आहे. पण जे कधी काढलंच नाही, ते उरेल कुठून?

साडी वेळेत झाली. आईच्या लग्नासाठी बाबांनीच विणलेली साडी शेजारी ठेवून काकूंनी दात मोजले, एकही धागा इकडचा तिकडं नाही. बहीण तीच नेसून उभी राहिली.

काकांना आपोआप आठवलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच पटवून पाहिलं. पण मी जन्मात मागावर बसलेलो नाही, आणि आज मला ती गणती पहिल्या दातापासून तोंडपाठ आहे. काकांना एकदा म्हणून दाखवली. ते बाबांच्या जागेवरून डावीकडे सरकले.

"बस गा," म्हणाले.

आता दर रविवारी मी उजव्या बाजूला बसतो. हे कसं झालं, ते मला अजूनही सांगता येत नाही.